हरल्यानंतरचे आभार

डिसेंबर सरत आला की एखाद्या पहाटे मोबाइल किंचाळतो. सरकारी इशारा असतो: धुकं आहे, वेग कमी ठेवा. आपण दचकून उठतो, पडदा सारून बघतो, तर बघायला काही शिल्लकच नसतं. समोरचा चाळीस मजली टॉवर गेलेला असतो, त्याच्या मागचा गेलेला असतो, मिनाराचा हिरवा दिवा तेवढा हवेत लटकत असतो. या देशात जे जे उभं केलंय ते बहुतेक कुणीतरी बघावं म्हणून उभं केलंय. ते सगळं एका सकाळी पुसलं गेलं की, खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटतं.

यंदाही तसंच झालं. मुलीला म्हटलं, ऊठ, बस उशिरा येईल. तिने उशीतून तोंडही न काढता सांगितलं, "इट्स जस्ट फॉग, आई." तिचं बरोबर आहे. ती शारजात जन्मली, तिच्यासाठी धुकं म्हणजे शाळेला उशीर. माझ्यासाठी ते आता दोन हिवाळ्यांपूर्वीचा एक हंगाम झालंय. त्या हंगामात दुबईच्या जबल अलीतलं एक गोदाम आहे, वजनकाटा आहे आणि दूरच्या एका बेटावरची निवडणूक आहे, जिच्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता.

आमची कंपनी तैवानची. धंदा स्क्रू, नट आणि बोल्टचा. ज्या इमारतींकडे माना वर करून लोक फोटो काढतात त्या आमच्या मालावर उभ्या आहेत, असं आमचे सेल्सवाले म्हणतात. मी हिशेब बघते, त्यामुळे मी तसं म्हणत नाही. मॅनेजर चेन मॅडम. पन्नाशीच्या, लहानखुऱ्या, बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी अंगात राखाडी स्वेटर. घरचं कधी काही बोलत नसत. गोदाम सांभाळतो तो सुर्वे, गुहागरकडचा. त्याची बायको सुनंदा गावची सरपंच आहे. जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा तिला उभी केली, आणि गाव सुर्वे जबल अलीतून चालवतो. फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या व्हॉइस मेसेज जातात: पाण्याच्या टाकीचं बिल थांबव, ग्रामसेवकाला उद्या बोलव, अमक्याच्या लग्नाला जाऊन ये पण जेवू नको.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर एक क्लिप बघून हसत होता. कुठल्याशा संसदेत हाणामारी. सुटातली माणसं टेबलांवर चढलेली, माइकच्या तारा खेचतायत, आणि मधोमध एक ठेंगणी बाई हातात बूट घेऊन उभी. सुर्वेने मोबाइल मॅडमपुढे धरला. म्हणाला, मॅडम, हे तुमच्याकडचे लोक वाटतात. मॅडमनी चष्मा वर करून बघितलं आणि काट्याने भाताचा घास उचलत म्हणाल्या, "बूटवाली माझी थोरली बहीण."

सुर्वेचं हसू जागच्या जागी गोठलं. थोड्या वेळाने त्याने धीर करून विचारलं, बूट फेकला का मग?

"नाही. एकच उरला होता."

त्या दिवशी कायदा पास झाला होता, हेही त्यांनी सांगितलं. स्क्रूच्या कारखान्यात प्रेसखाली बोटं जातात. अशा बायकांच्या नुकसानभरपाईचा कायदा. त्यांचा सगळा भागच स्क्रूच्या कारखान्यांचा. थोरली तिथून वर्षानुवर्षं निवडून येत होती.

पुढच्या आठवड्यांत, वर्षअखेरीच्या स्टॉकच्या मोजणीत, थोरल्या मॅडमची हकिगत आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळली. थोरल्या मॅडम हे नाव सुर्वेने ठेवलं. स्क्रू कोणी मोजत नाही, हे सांगायला हवं. शंभर वेचायचे, काट्यावर टाकायचे, त्यावरून गोणीचा आकडा काढायचा. काम कंटाळवाणं असतं, आणि काट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत दोन वाक्यं बोलता येतात. ती बहुतेक मॅडमच बोलत.

थोरलीचा नवरा शाळामास्तर. लष्करी कायद्याच्या दिवसांत त्याने एक मासिक छापलं आणि तुरुंगात गेला. निवडणूक आली तेव्हा लोकांनी त्याच्या जागी हिला उभं केलं. तशा कितीतरी बायका तेव्हा नवऱ्यांच्या जागी उभ्या राहिल्या. ही शिवणकाम शिकवायची. पहिल्या सभेत ट्रकवर चढवलं, हातात माइक दिला, आणि हिला शब्द सुचेना. रडली. समोरची गर्दीही रडली आणि निवडून देऊन मोकळी झाली. मला वाटलं, पुढारी बाईची कारकीर्द सुरू करायला याहून जुनी युक्ती नसेल. मॅडमनी माझा चेहरा वाचला असावा. म्हणाल्या, त्यानंतर ती चारचौघांत कधी रडली नाही. तिला त्या विजयाची लाज वाटायची.

नवरा सुटून घरी आला तेव्हा घरात बैठक चालली होती. गाऱ्हाणी घेऊन आलेल्या लोकांत तो अंगणातल्या बाकावर बसून राहिला. कुणी ओळखलं नाही. नंबर आल्यावर आत गेला.

हे ऐकून सुर्वे हसला नाही. त्याने गोणी उचलली आणि पुढची काट्यावर ठेवली.

सभा-समारंभांचा मला एकूणच कंटाळा. इथल्या मराठी कार्यक्रमांत तिकडून पाहुणे आमदार येतात, त्यांना शाल आणि नारळ देतात. शाल पांघरायला या देशात वर्षातून पंधरा दिवस मिळतात आणि नारळ विमानाच्या बॅगेत पडून असतो. तरी देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा चेहरा असा की आत्ताच एखादं राज्य मिळालंय. त्यामुळे थोरल्या मॅडमच्या गाडीच्या डिकीत कायम दोन जाकिटं असत, एक लाल आणि एक काळं, हे ऐकल्यावर मला नवल वाटलं नाही. लाल लग्नांसाठी, काळं अंत्यविधींसाठी. तिकडे मतदाराच्या घरी माणूस गेलं की लोकप्रतिनिधीने जायचंच. निवेदक माइकवरून नाव पुकारतो, पुढे होऊन तसबिरीला तीनदा वाकायचं, मग रांगेत उभ्या घरच्यांचे हात दोन्ही हातांत धरून एकेक वाक्य बोलायचं, आणि पुढच्या मयताला निघायचं.

"आमचे वडील गेले तेव्हाही आली," मॅडम म्हणाल्या. उशिरा आली. आधी दुसरीकडे कुठे जाऊन आली होती. निवेदकाने नाव पुकारलं, ती आली, तीनदा वाकली, मग रांगेत एकेकाचा हात धरत निघाली. धाकट्या बहिणीपाशी आली. दोन्ही हातांत हात घेतला आणि म्हणाली, आपल्या दुःखात मी सहभागी आहे, तब्येतीला जपा. आणि पुढच्याकडे सरकली.

काट्याचा आकडा केव्हाच स्थिर झाला होता. लिहून घ्यायचं आम्ही सगळेच विसरलो.

"तिच्या लक्षात आलं का?" मी विचारलं.

"मी कधी विचारलं नाही." पुढच्याच वर्षी त्यांनी आखातातली बदली मागून घेतली होती.

त्या हिवाळ्यात मात्र थोरलीचा फोन आला होता. यकृताचा आजार होता, शेवटाकडे आलेला. घरचे आणि पक्षातले दोन-चार जण सोडले तर कुणाला माहीत नव्हतं. पक्षातले लोक सांगत होते, बाई, आता पुरे. ती ऐकत नव्हती. निवडणूक लढवीन, हरले तर हरले, पण सगळं रीतीप्रमाणे पार पाडून घरी जाईन, हा तिचा हट्ट. आणि धाकटीला तिने बोलावलं ते मत द्यायला. त्यांच्यातही आपल्यासारखंच आहे. परदेशातून मत देता येत नाही, नाव जिथे असेल तिथे जाऊन उभं राहावं लागतं. इतकी वर्षं मॅडम एकदाही गेल्या नव्हत्या. जानेवारीत स्टॉक असतो.

"आजारी आहे, भेटायला ये म्हणाली असती तर त्याच दिवशी निघाले असते," मॅडम म्हणाल्या. "मत द्यायला ये म्हणाली."

तरी त्यांनी तिकीट काढलं, मतदानाच्या आदल्या पहाटेचं. आधी स्टॉक, मग बहीण. सुर्वेने तिकिटाचा भाव विचारला, दिरहॅमचे मनातल्या मनात रुपये केले आणि हबकला. मला म्हणाला, "ताई, सत्तर हजार. आमच्याकडे मत द्यायला मतदार पैसे घेतो. या पदरचे घालून चालल्या."

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत कळली, ती कळली नसती तर बरं झालं असतं. थोरलीच्या भागातल्या कारखान्यांना माणसं मिळत नव्हती आणि भारतातून कामगार आणायचं घाटत होतं. विरोधकांनी त्यावरून थोरलीविरुद्ध पत्रकं काढली. मॅडमना भाच्याने फोटो पाठवला होता, तो त्यांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर होता आणि सुर्वे नेमका बिलं घेऊन आत आला. पत्रकावर एक काळा, दाढीवाला, पगडी घातलेला माणूस, डोळे वटारलेले, आणि मागे घाबरलेली शाळकरी मुलगी. सुर्वेने ते बराच वेळ बघितलं. मग विचारलं, हा कोण?

मीच सांगितलं, की हा तू आहेस.

"मला पगडी कुठली?" तो म्हणाला. त्याचं म्हणणं बिनतोड होतं. थोरलीने मात्र भर सभेत म्हटलं होतं की माझी सख्खी बहीण परक्या देशात पोट भरते, तिला कुणी असं रंगवलं तर मला कसं वाटेल? टाळ्या पडल्या नव्हत्या. भाच्याने तेही कळवलं होतं.

नंतर काट्यापाशी सुर्वेने हळूच विचारलं, "म्हणजे ताई, बाई आपल्यामुळे पडणार?"

निघायच्या पहाटे धुकं असं होतं की मी मॅडमना विमानतळावर सोडलं तेव्हा मला विमानतळ दिसला नाही, नुसत्या पाट्या दिसल्या. थोड्या वेळाने त्यांचा मेसेज आला, विमानात बसलेय, पंख दिसत नाही. मग बराच वेळ काही नाही. मग आला, अजून इथेच. ऊन वर आलं तेव्हा धुकं फाटलं, पण तोवर वैमानिकाच्या ड्यूटीचे तास संपले होते. खलास. दुसऱ्या पहाटेच्या विमानात जागा दिली. मॅडम घरी गेल्या नाहीत. बॅग ओढत गोदामात आल्या, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि दिवसभर स्क्रूंचं वजन करत राहिल्या. या देशात काहीही अडत नाही, रस्ते अडत नाहीत, लिफ्ट अडत नाहीत, आणि अडलं ते आकाश, तेही दोन बोटं जाडीच्या ओल्या हवेने.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, पण स्टॉकमुळे आम्ही कामावर. सुर्वेने कुठूनतरी मतमोजणीचं थेट प्रक्षेपण शोधलं. शाळेचा वर्ग होता. एक बाई एकेक मतपत्रिका पेटीतून काढून दोन्ही हातांनी उंच धरायची, सगळ्या बाजूंना दाखवायची, मोठ्याने वाचायची, आणि दुसरा माणूस भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढायचा. मागे गावची माणसं उभी, हाताची घडी घालून. भाषा कळत नव्हती, पण थोरलीचा क्रमांक आम्हाला माहीत होता आणि कुठल्या कागदावर रेघा भराभर वाढतायत ते दिसत होतं. त्या दुसऱ्याच्या होत्या.

"एकेक मत उचलून दाखवतायत," सुर्वे म्हणाला. "एवढ्या मानाने तर आमच्याकडे जिंकवतही नाहीत."

मॅडमचा मेसेज आला: हरली. मी पोचले तेव्हा शाळेचं गेट बंद होतं.

रविवारी सकाळी गोदामात तोच मोबाइल पुन्हा खोक्यावर टेकवला. तिकडे एक रीत आहे, ती मला त्या दिवशी कळली. निवडणूक संपली की उमेदवार उघड्या गाडीवर उभा राहून सगळ्या भागातून फिरतो आणि मतदारांचे आभार मानतो. जिंकलेला मानतो हे समजण्यासारखं आहे. हरलेलाही मानतो. अंगात नाव लिहिलेलं प्रचाराचं जाकीट, आणि गल्लीगल्लीतून वाकत, हात जोडत जायचं. मीच कमी पडलो, तुम्ही कष्ट घेतलेत, धन्यवाद. या रीतीपायी थोरली शेवटपर्यंत अडून बसली होती. हरून अंथरुणात पडून राहिले तर लोक म्हणतील रुसली, असं तिचं म्हणणं होतं.

मोबाइलमध्ये पावसाची भुरभुर दिसत होती. ओल्या रस्त्याने एक लहान ट्रक हळूहळू येत होता, भोंग्यातून बाईचा घोगरा आवाज तीच तीच वाक्यं म्हणत होता. ट्रकवर ठेंगणी बाई, हिरवं जाकीट, तोंडावर मास्क. डावीकडे वाकायची, उजवीकडे वाकायची. दुकानांतून माणसं बाहेर येत होती. काही हात हलवत होती, काही मान खाली घालत होती, एक दोघं पाठ फिरवून आत गेली.

मी म्हटलं, आजारी माणसाला बरं जमतंय. सुर्वे मोबाइलजवळ वाकला. मग म्हणाला, "ताई, बाह्या बघा."

हिरव्या जाकिटाच्या बाह्यांतून राखाडी स्वेटर बाहेर आला होता.

नवऱ्याच्या जागी ट्रकवर चढलेली थोरली, आणि आता तिच्या जागी ही धाकटी. भोंग्यातला आवाज प्रचारातलाच, आधी भरून ठेवलेला. हरल्यावरची वाक्यंही बाईने तब्येत बरी असताना बोलून ठेवली होती. एका भाजीवालीने ट्रक थांबवला, वर हात करून या बाईचे हात धरले आणि काहीतरी सांगत रडायला लागली. ट्रकवरची बाई वाकून ऐकत राहिली. मी आयुष्यभर समारंभांना नाकं मुरडली. हाही समारंभच होता, त्यात आवाज खोटा होता, माणूस बदली होता. नाक मुरडायला मला जागा सापडेना.

सुर्वे उठला. बाहेर जाऊन त्याने गावी फोन लावला. काचेतून दिसत होतं, नेहमीसारखा हातवारे करून बोलत नव्हता, ऐकत होता. परत आला तेव्हा सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "आमच्याकडे हरलेला माणूस पहिली पाण्याची लाइन तोडतो." कुणाची लाइन, ते मी विचारलं नाही.

त्यांच्या फेब्रुवारीतल्या नवीन वर्षाच्या आधीच थोरली गेली. अंत्यविधीला म्हणे पुकारायची नावं इतकी होती की निवेदकाचा घसा बसला. जिंकलेला उमेदवार पहिल्या रांगेत होता. मॅडम परत आल्या, त्याच स्वेटरमध्ये. बॅग ठेवून पहिलं विचारलं, स्टॉक जुळला का? जुळला होता. वजनावर मोजलेलं सहसा जुळतंच.

परवाच्या धुक्यात मॅडम माझ्या गाडीत होत्या. असल्या हवेत त्या स्वतः गाडी चालवत नाहीत. जबल अलीच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे मागे पिवळे दिवे उघडझाप करत होते, शेजारी कंपनीची बस, खिडक्यांच्या ओल्या काचांना डोकी टेकून झोपलेली माणसं. काच थोडी खाली केली तर डिझेलचा आणि खारट वास आत आला. मग त्यांनी, मी काहीही विचारलेलं नसताना, त्या रविवारचं सांगायला सुरुवात केली.

भाजीवाली म्हणाली होती, माझ्या नवऱ्याच्या मयताला तुम्ही आला होतात, माझा हात धरून तब्येतीला जपा म्हणालात, आता तुम्ही जपा. मॅडमनी मान हलवली होती. दुसरं काय करणार?

ट्रक शेवटी थोरलीला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलवरून गेला. त्या जाकीट न काढताच वर गेल्या. थोरली जागी होती, पण औषधांच्या गुंगीत. खिडकीतून तिला तिचाच आवाज ऐकू आला होता. म्हणाली, भोंगा फार मोठा आहे, इथे आजारी माणसं आहेत, कुणीतरी तक्रार करेल. मग तिने बहिणीचा हात दोन्ही हातांत घेतला, उशीवरून डोकं जेवढं उचलता येईल तेवढं उचललं आणि म्हणाली, आपण कष्ट घेतलेत, मी आभारी आहे.

"मी म्हटलं, मी मत दिलं नाही. मला उशीर झाला," मॅडम म्हणाल्या. त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या, काचेपलीकडे काहीच नव्हतं. "ती म्हणाली, हरकत नाही. पुढच्या वेळी."

मग म्हणाल्या, "ते मला म्हणाली की एखाद्या मतदाराला, मला अजून कळलेलं नाही."

बस हलली. मी गिअर टाकला. पुढच्या निवडणुकीला जाणार का, मी विचारलं. आता तिथे त्यांचं कोण उभं राहणार होतं, हे मनात आलं, ते बोलले नाही.

"जाईन," त्या म्हणाल्या. "तिकीट धुक्याच्या आधीचं काढीन."